लॅपटॉपला घाम येत नाही

मार्च सरत आला की नाशिकमधल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वाढू लागते. मशीन फार तापते, पंखा सारखा घोंघावतो, काम करता करता मध्येच अडकते. हौशी मंडळींनी तापमान दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप उतरवून घेतलेले असते आणि त्यात ‘९१ अंश’ असा लाल आकडा पाहून त्यांची झोप उडालेली असते. पाणी शंभर अंशांना उकळते, मग ९१ म्हणजे हे यंत्र आता पेटणारच, असा हिशेब डोक्यात येतो. दुसरीकडे असेही अनेक घरांत दिसते की लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला आहे, झाकण नीट मिटत नाही आणि तरीही तो रात्रभर गादीवर चार्जिंगला लावलेला आहे. पहिल्या घरातली काळजी बहुधा अनाठायी असते. दुसऱ्या घरात काळजी असायला हवी, ती नसते.

या उलट्या हिशेबाचे मूळ ‘लॅपटॉपचे तापमान’ या शब्दांतच आहे. असे एकच तापमान नसते. माणसाचेही नसते. शरीराच्या गाभ्यात ३७ अंश सेल्सिअस असते तेव्हा हाताच्या त्वचेवर ३२-३३ असू शकते आणि पुरुषांच्या वृषणांत गाभ्यापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी. प्रत्येक अवयवाला त्याचे आपले मानवते. लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, साठवणीची डिस्क आणि बॅटरी असे निरनिराळे अवयव दाटीवाटीने बसलेले आहेत, आणि त्यांची सहनशक्ती एकमेकांपासून फार वेगळी आहे.

सगळ्यात काटक प्रोसेसर. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची वरची मर्यादा १०० अंश असते, काहींची १०५. एएमडीच्या चिपांची ९५ ते १०५च्या दरम्यान. ही मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच आपला वेग कमी करते, म्हणजे कमी वीज घेते आणि कमी तापते. एवढ्यानेही भागले नाही तर यंत्र स्वतःला बंद करते. व्हिडिओ तयार करताना किंवा जड गेम खेळताना ८५-९० दिसले तर त्यात आजार काही नाही. दम लागेल असे काम केल्यावर नाडी १५०वर जाते, तसेच ते. मात्र नुसता एक कागद टाइप करताना किंवा काहीच न करता प्रोसेसर ८५वर बसून राहत असेल, तर त्याची तपासणी हवी. कारण बहुधा साधे असते. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ, चिप आणि धातूच्या पट्टीमधली वाळून गेलेली पेस्ट, किंवा आत गुपचूप चालू राहिलेला एखादा प्रोग्रॅम. साठवणीच्या डिस्का जरा नाजूक. नव्या एसएसडीला साधारण ७० अंशांपर्यंत चालते, जुन्या फिरत्या हार्डडिस्कची मर्यादा ६०च्या आसपास संपते.

बॅटरीची गोष्ट निराळी आहे. आजच्या लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीला चार्ज करताना मानवणारे तापमान सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश. वापरताना, म्हणजे त्यातली वीज खर्च होत असताना, ती ६०पर्यंत तग धरते, पण आनंदाने नाही. थंडीचे म्हणाल तर निफाडचा पारा जानेवारीत कितीही खाली गेला तरी घराच्या आत शून्याखाली जात नाही, त्यामुळे तो प्रश्न आपला नव्हे. आपला प्रश्न वरच्या टोकाचा आहे. बॅटरी ४५च्या पुढे गेली की अनेक लॅपटॉप चार्जिंग थांबवतात. ‘मे महिन्यात दुपारी चार्जच होत नाही, रात्री होतो’ अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा बिघाड नसतोच. आतला रखवालदार आपले काम करत असतो. त्यावर उपाय म्हणून स्वस्तातला दुसरा चार्जर आणणे हा त्या रखवालदाराला बाजूला ढकलण्याचा प्रकार होऊ शकतो.

बॅटरीत सतत काही नको असलेल्या रासायनिक क्रिया हळूहळू चालू असतात आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या घरात जातो, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर झीज आणखी जास्त. अभियंत्यांत प्रचलित असलेल्या एका तक्त्यानुसार, वर्षभर २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवलेली बॅटरी आपली ९६ टक्के क्षमता राखते; तीच ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर वर्षअखेर ६५ टक्क्यांवर येते. उन्हाळाभर प्लगला अडकवून ठेवलेला लॅपटॉप दुसऱ्या वर्षी तासाभरात का मान टाकतो, याचे उत्तर यात आहे.

आता नाशिकच्या उन्हाळ्याकडे वळू. माणूस चाळीस अंशांच्या हवेतही ३७वर राहू शकतो, कारण त्याला घाम येतो आणि घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी हवेपेक्षा गार होते तेही याच युक्तीने. लॅपटॉपकडे ही युक्ती नाही. त्याच्या पंख्याला फक्त एक जमते: खोलीतली हवा आत ओढायची आणि आतली उष्णता तिच्यावर लादून बाहेर फेकायची. त्यामुळे त्याचा कोणताही भाग खोलीच्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. डोक्यावर छताचा पंखा फिरतो तेव्हा आपल्याला गार वाटते ते घामामुळे. लॅपटॉपच्या वाट्याला येते ती तीच चाळीस अंशांची हवा, जरा जोराने. उष्माघाताच्या रुग्णाचा घाम आटतो आणि शरीराचे तापमान झरझर चढते, तेव्हा डॉक्टर अंग ओले करून वारा घालतात. लॅपटॉप जन्मापासून त्या घाम आटलेल्या रुग्णासारखा आहे, आणि त्याला ओले करायचीही सोय नाही. (ओल्या फडक्यावर किंवा बर्फाच्या पिशवीवर लॅपटॉप ठेवणारे लोक आहेत. काही जण तर थोडा वेळ फ्रीजमध्येही ठेवतात. आत पाण्याचे थेंब धरले की उष्णतेने जे दोन वर्षांत झाले असते ते दोन मिनिटांत होते.)

यातून एक साधी बेरीज निघते. काम तेच असेल तर खोली जितक्या अंशांनी तापते, तितक्याच अंशांनी आतले भागही साधारण वर सरकतात. २५ अंशांच्या खोलीत ३५वर असलेली बॅटरी ४० अंशांच्या खोलीत पन्नाशीला पोहोचते. प्रोसेसरला या पंधरा अंशांचे फारसे काही वाटत नाही. तो वेग कमी करून मोकळा होतो. बॅटरीला मात्र तेवढ्यानेच सुरक्षित पट्ट्याबाहेर ढकलले जाते.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. अ‍ॅपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. लेनोवोच्या बहुतेक थिंकपॅडची मर्यादा ५ ते ३५ आहे, डेलच्या कित्येक मॉडेलांची ० ते ३५. म्हणजे वरचा आकडा जवळजवळ सगळ्यांचा ३५. छत्तिसाव्या अंशाला यंत्र मरत नाही हे खरे, पण कंपनीने ज्याची हमी घेतली तो पट्टा तिथे संपतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा दुपारचा पारा ४०ला टेकतो, मालेगावात तो आणखी वर जातो. हे सावलीतल्या हवेचे आकडे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतले त्याहून चढे. अशा खोल्यांत भाड्याने राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले जिल्ह्यात थोडी नाहीत. तिथे दुपारी दोनला ऑनलाइन तासिका ऐकत असलेला लॅपटॉप त्याच्या कागदोपत्री मर्यादेच्या बाहेर काम करत असतो, आणि हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. तो आकडा माहितीपत्रकात असतो, इंग्रजीत, बारीक अक्षरांत, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या आणि हवेतल्या दमटपणाच्या आकड्यांच्या शेजारी.

वरून आपल्या सवयी. गादी, उशी, गोधडी यांवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बुजते आणि हवा आत जायची वाटच बंद होते. बॅगेत टाकलेला लॅपटॉप झाकण मिटल्यावरही नेहमी झोपतोच असे नाही. आजची बरीच यंत्रे अर्धवट जागी राहतात, आतल्या आत काहीतरी अपडेट करत बसतात आणि तासाभराने बॅग उघडली की चटका बसतो. प्रवासाला निघताना लॅपटॉप पूर्ण बंद करावा, एवढी एक सवय पुष्कळ काही वाचवते. उन्हात उभ्या गाडीत तो ठेवणे सर्वांत वाईट. काचा बंद असलेल्या गाडीतली हवा उन्हाळ्यात पन्नास-साठ अंशांपर्यंत जाते. तलाठी, आरोग्यसेवक, बँकेचे वसुली अधिकारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी अशा दिवसभर गाडीवर फिरणाऱ्यांचे यंत्र रोज या भट्टीतून जाते.

आता माणसाच्या कातडीकडे, कारण लॅपटॉपशी संबंधित सर्वांत नाजूक अवयव तीच. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या हार्वर्डच्या संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याची मोजमापे प्रसिद्ध केली. ती आजही आधार मानली जातात. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. ४९ला दहा मिनिटांच्या आत भाजते. आणि ४४ला, जे हाताला फक्त ‘बऱ्यापैकी कोमट’ लागते, सुमारे सहा तास लागतात. भाजायला चटका बसावाच लागतो असे नाही. वेळ पुरेसा असला की कोमटही भाजते. लॅपटॉपचा तळ काम करताना चाळिशी सहज ओलांडतो. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांत मांडीवर लॅपटॉप उघडून बसणारे पुष्कळ दिसतात, आणि एका बाजूचा प्रवास चार तासांच्या आसपास असतो.

याने लगेच फोड येत नाहीत. महिनोन् महिने तीच मंद ऊब तिथेच लागत राहिली तर मांडीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी चट्टे उमटतात. खाज नाही, दुखणे नाही, म्हणून लोक गजकर्णाचे मलम लावत बसतात. स्वित्झर्लंडच्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी २०१०मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्यामुळे त्याच्या डाव्या मांडीवर असे चट्टे आले होते. आजार नवा नाही. चुलीसमोर किंवा शेकोटीशी रोज एकाच बाजूने बसणाऱ्यांना तो पूर्वीपासून होतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांत त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो, हे एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६मध्येच नोंदवले होते. लॅपटॉपच्या चट्ट्यांनी इतके हादरून जाण्याचे कारण नाही. यंत्र मांडीवरून टेबलावर गेले की बहुतेकांचे चट्टे हळूहळू फिके होतात. पण कातडीला वर्षानुवर्षे मंद शेकत ठेवणे निरुपद्रवी नाही, एवढे कांगडीने दाखवून दिले आहे.

खरी काळजी आहे ती मधुमेहींची. बरीच वर्षे साखर चढी राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि वर चढतो. अशा माणसाला चटका वेळेवर कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजलेले मधुमेही रुग्ण सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांना परिचयाचे आहेत. जखम चिघळते, बरी व्हायला महिने जातात, प्रसंगी बोट गमवावे लागते. आज पन्नाशी-साठीतले कितीतरी मधुमेही टीपॉयवर पाय पसरून त्यांवर लॅपटॉप ठेवतात, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात, मालिका पाहतात. निरोगी माणूस नकळत पाय हलवतो, कारण नसा त्याला सांगतात. यांच्या नसा गप्प असतात. पाठीच्या कण्याला इजा झालेले, लकव्याने एक बाजू गेलेले, झोपेची गोळी घेऊन पडलेले यांचेही तेच. या लोकांनी लॅपटॉप अंगावर अजिबात ठेवू नये, हा सल्ला डॉक्टरांनी पायांची काळजी सांगताना चपला आणि नखांच्या बरोबरीने सांगायला हवा. अजून तो फारसा सांगितला जात नाही.

लोक त्याऐवजी विचारतात ते वंध्यत्वाबद्दल. त्याचेही उत्तर सरळ आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या शेनकिन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले. वृषणांचे तापमान अडीच ते पावणेतीन अंशांनी वाढले. गंमत अशी की लॅपटॉपशिवाय नुसते मांड्या जुळवून बसल्यानेही ते दोन अंशांनी वाढले होते. म्हणजे दोष यंत्राइतकाच बसण्याचा. याने शुक्राणूंवर कायमचा परिणाम होतो हे सिद्ध झालेले नाही. मूल व्हावे म्हणून प्रयत्न चालू असलेल्या जोडप्यातल्या पुरुषाने लॅपटॉप टेबलावर ठेवावा, हे मात्र बिनखर्चाचे शहाणपण. लॅपटॉपच्या लहरींनी नपुंसकत्व येते वगैरे जे फिरत असते ते सोडून द्यावे.

आता फुगलेली बॅटरी. आत वायू साचला की ती फुगते. टचपॅड कडक होतो, कळफलक मध्ये उचलला जातो, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डगडगतो. उष्णता आणि सतत भरलेले राहणे यांनी हे लवकर होते, पण कारखान्यातला दोषही पुरतो. २००६मध्ये डेलने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. आत राहून गेलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे काही पेटल्या होत्या. बॅटरीच्या आतला प्लास्टिकचा पातळ पडदा साधारण १३० अंशांना वितळू लागतो आणि त्यानंतर ती स्वतःच स्वतःला तापवत जाते. बाहेरचा प्लग काढून ते थांबत नाही. अशा वेळी धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात, फुप्फुसांना इजा करणारे. भिंतीवरचे बटण हाताशी असेल तर बंद करावे, माणसांना बाहेर काढून दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ला फोन करावा. लॅपटॉप वाचवायला कोणी पुढे जाऊ नये. भाजले असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

फुगलेली बॅटरी दिसली त्याच दिवशी तो लॅपटॉप चार्ज करणे थांबवायला हवे. दाबून बसवणे, टोचून हवा काढणे हे प्रकार जिवावर बेततात. बदलून घेताना निम्म्या किमतीतली ‘सेम टु सेम’ बॅटरी पुढे केली जाते. तिथे भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ही नोंदणी बॅटऱ्यांना सक्तीची आहे. नसेल तर ती बॅटरी कितीही चालली तरी घरात आणण्यासारखी नाही.

हे सगळे वापरणाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण सरकारी कार्यालये आणि महाविद्यालये एकावेळी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, आणि खरेदीच्या कागदांत प्रोसेसर, रॅम, साठवण यांवर जितका काथ्याकूट होतो तितका ‘किती अंशांच्या हवेत चालेल’ या ओळीवर होताना दिसत नाही. मे महिन्यात मालेगाव किंवा जळगावच्या तालुक्यात फिरवायचे यंत्र ३५ अंशांच्या हमीचे घेणे म्हणजे उन्हाळ्यात गोधडी वाटण्यासारखे आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांची हमी असलेली यंत्रे बाजारात आहेत. महाग पडतात, म्हणून ती सगळ्यांना नको, पण फिरतीवरच्यांना तरी हवीत. आणि देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपच्या तळावर हवेच्या तापमानाची मर्यादा स्थानिक भाषेत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला कंपन्यांना काही खर्च येणार नाही. औषधाच्या बाटलीवर ‘२५ अंशांखाली ठेवा’ छापतात, तसेच.

घरात करायचे ते थोडके आहे. जड काम सकाळी किंवा रात्री, चार्जिंगही तेव्हाच. लॅपटॉप कडक, सपाट जागेवर, मागची कड दोन बोटे उचललेली. कूलरने खोली गार करावी, पण त्याचा दमट झोत थेट यंत्रावर नको. ज्यांत सोय आहे त्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सेटिंग चालू करावी. पावसाळ्यापूर्वी एकदा धूळ काढून घ्यावी.

राहता राहिली जुनी, काढून टाकलेली बॅटरी. नाशिकची घंटागाडी दारात येते म्हणून ती सुक्या कचऱ्यात जाते. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरीला भोक पडले की ती तिथे किंवा पुढे पाथर्डीच्या खतप्रकल्पावरच्या ढिगात पेटू शकते, आणि तिथे हातमोजे असलेच तर घालून काम करणारी माणसे उभी असतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तोवर टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. सेवा केंद्राने नाही म्हटले तर त्यांच्याकडून ते लेखी मागावे.